फास कशासाठी लावला होता, हे आधी विचारा

एका जिल्हा दैनिकात दोन वर्षांपासून वनविभागाच्या बातम्या करणाऱ्या बातमीदार ताईंचा प्रश्न आहे: "शेताच्या कडेला वाघ मेलेला सापडला, नखं गायब होती. आम्ही 'वाघाची शिकार. आंतरराष्ट्रीय टोळीचा संशय' अशी बातमी दिली. पुढे प्रकरण वेगळंच निघालं. गावकरी चिडले, वनखात्याचे लोक फोन घेईनासे झाले. शिकारीच्या बातम्यांत आम्ही नेमकं कुठे चुकतो?"

ताई, मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ एवढ्याच मुलखात सगळी नोकरी गेली. फास शोधत पायी फिरलो, मेलेल्या जनावरांचे पंचनामे लिहिले, पीओआर (वनगुन्ह्याचे प्राथमिक अहवाल) फाडले, त्या प्रकरणांत साक्षीला उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीचा पेपर उघडल्यावर काल आपण पाहिलेली जागा ती हीच का, असं वाटण्याचे प्रसंग पुष्कळ आले. त्यात बातमीदाराची लबाडी क्वचित असायची. बहुतेक वेळा एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असायचा. तो प्रश्न म्हणजे: हे कशासाठी लावलं होतं?

"कुणी मारलं?" हे सगळेच विचारतात, आणि तेही पहिल्या तासात, जेव्हा कुणालाच ते माहीत नसतं. तार, फास, सापळा, विष, बंदूक ही प्रत्येक वस्तू कुठल्या तरी जनावरासाठी, कुठल्या तरी उंचीवर, कुठल्या तरी वाटेवर लावलेली असते. ती वस्तू जागेवर नीट पाहिली, तर लावणाऱ्याच्या मनात काय होतं ते बरंचसं कळतं. माणूस कोण, ते नंतर.

आधी शब्दाचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. 'बिबट्याची शिकार' असा मथळा वाचला की बिबट्याला कुणी मारलं, की बिबट्यानं शेळी मारली, हे बातमी वाचल्याशिवाय कळत नाही. जनावरानं मारलेल्या जनावराला आम्ही 'गारा' म्हणतो, म्हणून आमच्या बोलण्यात गोंधळ होत नाही. तुमच्या मथळ्यात होतो. जुन्नरकडे आणि कोकणात गावातली जुनी माणसं बिबट्यालाही सरळ 'वाघ' म्हणतात. तिथे 'वाघ आला' हे ऐकून शहरातला बातमीदार वाघ लिहितो, डेस्कवर त्याला पट्टेरी वाघाचा फोटो लागतो, आणि जिथे वाघ नाही त्या तालुक्यात तो एका रात्रीत येऊन बसतो. कुणी बिबट्याच्या बातमीला चित्त्याचा फोटो लावतं. लहान चूक वाटते, पण ज्या गावात बिबट्या रोज रात्री उसातून जातो त्या गावानं तो फोटो बघितला की पुढचं वाचायच्या आधीच त्यांचा विश्वास उडतो.

कायद्यातली शिकार आणखी वेगळी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे ती फार रुंद आहे. मारणं तर आहेच. विष घालणं, पकडणं, फास लावणं, हाकारणं, आमिष ठेवणं, जखमी करणं, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं, आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. म्हणून तितराच्या फाशासकट पकडलेल्या पोरावरही शिकारीचाच गुन्हा लागतो आणि वाघाचं कातडं सोलणाऱ्यावरही तोच. शिक्षा सारखी नाही. प्राणी कायद्याच्या कुठल्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, आहे त्यावर ती ठरते. कारागृहाच्या वर्षांत मोठं अंतर आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची रचनाही बदलली, त्यामुळे जुन्या कात्रणावरून शिक्षा लिहू नका. आमचा माणूस तुम्हाला फोनवर "शिकारीचा गुन्हा दाखल केला" म्हणतो तेव्हा तो कायद्याची भाषा बोलत असतो. वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र बंदूकधारी टोळी उभी राहते.

तसंच 'शिकारीचा संशय' या शब्दांचं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा नियमच असा आहे की वाघाचा कुठलाही मृत्यू, उलट सिद्ध होईपर्यंत, शिकार धरून तपासायचा. म्हातारपणानं मेलेला वाघ असला तरी सुरुवात तिथूनच. शवविच्छेदन साक्षीदारांसमोर होतं, अवयवांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, कलेवर जाळलं जातं आणि या सगळ्याचं चित्रीकरण होतं. तेव्हा "वनविभागाने शिकारीचा संशय व्यक्त केला" हे वाक्य पहिल्या दिवशी प्रत्येक वाघाबद्दल खरं असतं. ते मथळ्यात घातलं की वाचकाला ती बातमी वाटते.

आता एक प्रकरण सांगतो. गाव सांगत नाही, कारण त्या घरात अजून लहान मुलं आहेत.

जानेवारीचा महिना, धानाची कापणी होऊन बांध्यांत हरभरा आलेला. सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला, नाल्यात वाघ पडलाय. गेलो तर नर वाघ, अंगावर पळसाची पानं आणि तुऱ्हाट्या टाकून झाकलेला. पुढच्या दोन्ही पंजांची नखं कापलेली. बाकी मिशा, दात, कातडं सगळं जागच्या जागी. नाल्याच्या काठावर तोवर दीडशे माणसं जमलेली होती आणि त्यांच्या पायांखाली आमचा अर्धा पुरावा गेला होता. दोन चॅनलचे कॅमेरे आले होते. नखं गेलेली कॅमेऱ्यानं टिपली आणि आम्ही वाघ उलटा करून बघायच्या आधी टोळीची बातमी लागली.

उलटा केल्यावर डाव्या पुढच्या पायावर, सांध्याच्या खाली, केस करपून गेलेली बोटभर रुंदीची रेघ दिसली. तिथून आम्ही शेताकडे चालत गेलो. हरभऱ्याच्या कडेनं पाचसहा पावलांवर एकेक अशी ताज्या खुंट्यांची भोकं होती. खुंट्या नव्हत्या, तारही नव्हती. पण एका भोकाशेजारी रिकामी काचेची बाटली पडलेली होती आणि तिच्या गळ्याला तारेचा वेढा घासल्याची खूण होती. भोकांच्या ओळीत एके ठिकाणी माती उकरलेली, आणि तिथेच वाघाची मागच्या पायांची नखं जमिनीत रुतल्याच्या चार चार रेघा. ओळीचं दुसरं टोक विजेच्या खांबापाशी जात होतं. बाटली कशासाठी, तर नागडी तार खुंटीला टेकून वीज जमिनीत उतरू नये म्हणून. आणि वाघाच्या पायावरची ती करपलेली रेघ सांध्याच्या खाली होती, म्हणजे तारही गुडघ्याच्या खालीच ओढलेली.

ही उंची डुकराची. वाघासाठी कुणी हरभऱ्याच्या चारी बाजूंनी गुडघ्याखाली तार ओढत नाही. उपकेंद्रात जाऊन नोंदवही पाहिली, तर आदल्याच्या आदल्या रात्री अडीचच्या सुमारास त्या भागाची वीजवाहिनी, म्हणजे फीडर, ट्रिप होऊन आपोआप बंद पडलेली. संध्याकाळपर्यंत शेतकरी स्वतःच आला. दोन एकरांचा माणूस. हात जोडून एवढंच म्हणाला, "डुकरासाठी लावली होती जी साहेब." नखांचा त्याच्याशी संबंधच नव्हता. पहाटे नाल्यावर गेलेल्या दोन पोरांना वाघ दिसला होता आणि त्यांनी गळ्यात बांधायला नखं कापली होती. ती एका घराच्या कवेलूखालून निघाली.

गैरसमज नको. त्या शेतकऱ्यावर शिकारीचा गुन्हा दाखल झाला आणि तो मीच केला. नागडी तार कुणाला ओळखत नाही. त्याच तारेनं शेजाऱ्याचा बैल जातो, पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस जातो, स्वतः लावणाराही जातो. नखं कापणाऱ्या पोरांवरही वेगळा गुन्हा झाला. पण छापून आलेली बातमी आणि ही गोष्ट यांत जो फरक आहे त्याची किंमत कुणी दिली ते सांगतो. टोळीच्या बातमीनंतर वरून आदेश आले, नाक्यांवर गाड्या तपासल्या, लॉज तपासले. आसपासच्या पन्नास गावांत खांबावर आकडे टाकून तारा ओढलेल्या होत्याच. त्या रात्री तिकडे कुणी फिरलं नाही, कारण बातमीत तार नव्हतीच. डुकरांनी किती हरभरा उलथला, नुकसानभरपाईचा अर्ज कुणी केला होता का, पंचनामा वेळेत झाला होता का, रात्री त्या फीडरवर कोण लक्ष ठेवतं, हे प्रश्न विचारले गेले असते तर त्या हंगामात पुढचा वाघ वाचण्याची शक्यता होती. खरी बातमी तीच होती.

म्हणून म्हणतो, वस्तू बघा. फासाचंही तसंच आहे. सशाचा फास बारीक तारेचा, मूठभर तोंडाचा, जमिनीपासून चार बोटं वर, गवतातल्या बोळकांडीत. तितराचे फासे म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याच्या छोट्या मुद्ध्यांची एक लांब ओळ. पक्षी चालत येतो आणि पाय किंवा मान अडकते. डुकरासाठी मोटारसायकलच्या क्लचची वायर वापरतात, तोंड मोठं, आणि ती भक्कम खुंटाला किंवा झाडाला बांधलेली असते. चितळ, सांबरासाठी तोंड आणखी वर जातं. बिबट्या, वाघ, अस्वल यांतल्या जवळपास कुठल्याही फाशात अडकू शकतात, कारण वाटा सगळ्यांच्या त्याच असतात. क्लच वायरच्या फाशात कमरेला अडकलेला बिबट जिवंत सापडला तर "बिबट्याच्या शिकारीचा डाव फसला" असं छापून येतं. डाव डुकराचा होता. गुन्हा तेवढाच गंभीर, पण उपाय पूर्ण वेगळा. तिथे रोज सकाळी गावाच्या कडेच्या वाटा चालून फास काढणारी माणसं लागतात. आमच्या बीटवर, म्हणजे जंगलाच्या सगळ्यात लहान हद्दीवर, एक वनरक्षक असतो आणि त्याच्याकडे रोपवाटिकेपासून वणव्यापर्यंत सगळं असतं. हे लिहा. यावर कुणी लिहीत नाही.

याच्या उलट, खरोखरची टोळी असते तेव्हा जागेवरच्या खुणा वेगळ्या असतात. तिथे लोखंडी जबड्याचा सापळा असतो, वाघाच्या नेहमीच्या वाटेवर मातीत पुरलेला, साखळीनं बांधलेला. पंजा अडकला की जनावराला काठ्या आणि भाल्यांनी मारतात, कातड्याला भोक पडू नये म्हणून. गोळी मुद्दाम टाळतात. आवाजही नको आणि छिद्रही नको. काही तासांत कातडं निघतं, हाडं वेगळी होतात, मीठ, तुरटी लागते. मागे राहतं ते मांस आणि आतडी, पुष्कळदा तेही नाही. नखं कापून बाकीचा आख्खा वाघ नाल्यात झाकून जाणारी टोळी मी पाहिली नाही. अशा टोळ्या आहेत. २०२५ च्या जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याकडे जी अटक झाली, तिचे धागे मध्य प्रदेशापासून थेट ईशान्येपर्यंत आणि सीमेपलीकडे गेले. म्हणून तर प्रत्येक मेलेल्या वाघामागे टोळी लिहू नये. दर महिन्याला टोळी वाचणारा वाचक, खरी टोळी येते तेव्हा पान उलटतो.

जप्तीच्या बातमीतही एक ठरलेली चूक असते. पुण्यात किंवा नागपुरात कातडं पकडलं म्हणजे तो प्राणी तिथे मारला गेला असं नाही. कातडं वर्षानुवर्षं फिरतं. वाघाच्या कातड्यावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात. कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) जुन्या फोटोंशी जुळवून तो वाघ कुठला ते कळू शकतं. पकडल्याच्या दिवशी ते कुणालाच माहीत नसतं. वर्षअखेरीला "इतक्या वाघांची शिकार" असा आकडा येतो त्यात नैसर्गिक मृत्यू, आपसांतली झुंज, रेल्वे, रस्ता, विहीर, वीज आणि जप्त झालेली कातडी हे सगळं एका ओळीत टाकलेलं मी कितीदा तरी पाहिलंय.

आता ज्या गोष्टीचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं त्याबद्दल. शिकारीच्या बातमीत 'पारधी टोळी' हे शब्द विचार न करता येतात. चोरीच्या बातमीत चोराची जात मथळ्यात येत नाही, घोटाळ्याच्या बातमीत येत नाही, इथेच येते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं आख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यांत पुढे फासेपारधीही आले. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं पुसला. पेपरांतून तो अजून पुसलेला नाही. एका माणसाला पकडलं की पुढचे पंधरा दिवस त्या पट्ट्यातल्या प्रत्येक पालावर लोक जातात, पोरांना शाळेत ऐकून घ्यावं लागतं, बायकांना आठवडी बाजारात कुणी बसू देत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातली काही पालं तपासायला मी स्वतः गेलो होतो. रान वाचायला मला ज्यांनी शिकवलं त्यांत एक म्हातारे फासेपारधी होते. दवावर उमटलेली तितराची वाट सकाळी किती वाजेपर्यंत दिसते आणि उन्हाकडे तोंड करून ती का शोधायची, हे मला कुठल्या प्रशिक्षण केंद्रात कळलं नव्हतं. आरोपीचं नाव कोर्टात सिद्ध होईपर्यंत जपून लिहा आणि जमातीचं नाव मुळीच लिहू नका, एवढी विनंती आहे.

"शिकारीला परवानगी" या बातम्यांकडे येऊ. २०१६ च्या जूनमध्ये बिहारमध्ये मोकाम्याजवळ दोनशेहून अधिक नीलगायी गोळ्या घालून मारल्या गेल्या आणि केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे समोरासमोर आले. मनेका गांधींनी पर्यावरण मंत्रालयावर टीका करताना चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारल्याचाही उल्लेख केला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांचं उत्तर होतं की राज्यं मागणी करतात तेव्हा ठराविक भागापुरती आणि ठराविक मुदतीपुरती परवानगी दिली जाते. आठवडाभर सगळीकडे तेच चाललं, आणि बहुतेक ठिकाणी बिहार आणि चंद्रपूर एकाच दमात लिहिलं गेलं. कायद्यानं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बिहारमध्ये कलम ६२ खाली केंद्रानं नीलगाय आणि रानडुक्कर यांना काही जिल्ह्यांत, मुदतीपुरतं, उपद्रवी जाहीर केलं होतं. तसं झालं की त्या मुदतीत त्या भागात त्या प्राण्याचं संरक्षणच निघतं. महाराष्ट्रात तसं जाहीर झालेलं नव्हतं. इथे कलम ११ खाली परवाने दिले जातात: अर्ज, शेताची पाहणी, अटी, मारलेल्या जनावराची नोंद आणि विल्हेवाट. पहिल्यात सरकार बाजूला होतं, दुसऱ्यात सरकार प्रत्येक जनावरामागे सहीनिशी उभं असतं. परवाने द्यावेत की नाही यावर वाद जरूर घाला. माझंही मत आहे की नुसत्या गोळीनं डुकरांचा प्रश्न सुटत नाही. पण वाद घालण्याआधी कलम तरी बरोबर असावं.

मला या प्रकारच्या बातम्यांत आणखी एक गोष्ट खटकते. छायाचित्र नेहमी बंदूक घेतलेल्या माणसाचं असतं. भुईमुगाच्या वाफ्यात रात्री कळप शिरल्यावर सकाळी जे दिसतं त्याचा फोटो नसतो. एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखं शेत उलथलेलं असतं, वेल मुळासकट वर आणि शेंगा चघळून टाकलेल्या. ज्यानं मचाणावर कंदील आणि डबा घेऊन दोन महिने जागून काढले त्याला हे बघवत नाही. तो फोटो नसला की शेतकरी क्रूर दिसतो आणि डुक्कर बिचारं. दुसऱ्या पेपरात उलटं असतं.

टी-१ वाघिणीचं प्रकरण तर मी यवतमाळ जिल्ह्यातच बसून पाहिलं. पांढरकवड्याच्या पट्ट्यात, राळेगाव आणि केळापूर तालुक्यांत, २०१६ पासून माणसं मरत होती. १३ मृत्यू तिच्या नावावर लिहिले गेले. खात्याच्या कागदांवर ती टी-१ होती. 'अवनी' हे नाव बाहेरून आलं आणि बातम्यांनी उचललं. नाव दिल्यावर सगळी गोष्टच बदलली. एका बाजूला नाव असलेली आई, दोन बछडी. दुसऱ्या बाजूला 'शिकारी'. त्यानंतर जे छापलं गेलं ते या दोन पात्रांचं होतं. अवनी हे नाव महाराष्ट्राला पाठ झालं. त्या १३ माणसांपैकी एकाचं तरी नाव कुणाला सांगता येईल का? गुरं राखायला गेलेली, कापसाच्या शेतात वाकलेली माणसं होती ती.

आणि यात जे प्रश्न विचारायला हवे होते तेच मागे पडले. आदेश असा होता की आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करायचा, ते जमलंच नाही तर गोळी. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीनं मेली. मग त्या रात्री तिथे पशुवैद्यक होता का? बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट खरोखर मारला गेला होता का? गोळी झाडणाऱ्याला तसा अधिकार होता का? अंधारात कारवाई का? हे अत्यंत गंभीर प्रश्न आहेत आणि पुढे अधिकृत चौकशांत तेच आले. जनावर मारायची परवानगी म्हणजे वाटेल तसं मारायची परवानगी नव्हे. आमच्या खात्यातल्या अनेकांना त्या रात्रीबद्दल अस्वस्थ वाटलं आणि मलाही वाटलं. पण "अवनीचा खून" आणि "नरभक्षक ठार, गावकऱ्यांची दिवाळी" या दोन मथळ्यांच्या मध्ये हे प्रश्न लहान अक्षरांत गेले.

'नरभक्षक' हा शब्दही जपून वापरा. कलम ११ मध्ये तो नाही. तिथे 'मानवी जीवितास धोकादायक' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि तसं ठरवण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे, तोही कारणं लेखी नोंदवून. वाकून गवत कापणाऱ्या माणसावर चुकून झडप घालून निघून गेलेला वाघ आणि माणसाला भक्ष्य समजून वारंवार येणारा वाघ यांत फार मोठा फरक आहे. तो फरक पावलांवरून, डीएनएवरून, कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून दिवसेंदिवस बसून ठरवावा लागतो. पहिल्याच हल्ल्याला 'नरभक्षक' छापलं की गावाचा दबाव सुरू होतो, पुढाऱ्यांचा सुरू होतो, आणि चुकीचा वाघ पकडला जाण्याची शक्यता वाढते.

'बेशुद्ध करून पकडा' हे लिहिणंही तितकंच सोपं आहे. डार्ट लागला की जनावर तिथेच कोसळत नाही. औषध चढायला मिनिटं लागतात आणि त्या मिनिटांत ते पळतं. दाट झुडपात शिरलं तर शोधणाऱ्याच्या जिवाला धोका, पाण्यात शिरलं तर त्याच्याच. मात्रा वजनाच्या अंदाजावर ठरते, आणि अंदाज अंतरावरून करायचा असतो. त्यासाठी दिवसाचा उजेड, जवळचं अंतर आणि अनुभवी पशुवैद्यक लागतो. पाचशे माणसांचा गलका असेल तर यातलं काहीच जमत नाही. "वनविभाग बघत राहिला" ही बातमी पुष्कळदा गर्दी हटण्याची वाट बघणाऱ्या माणसांबद्दल असते.

दोन गोष्टी थोडक्यात. वनहक्क कायद्यामुळे आदिवासींना शिकारीची मोकळीक मिळाली असं अधूनमधून छापून येतं. ते खोटं आहे. २००६ च्या त्या कायद्यात पारंपरिक हक्क मान्य करणाऱ्या कलमातच शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूनं वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. मात्र चौकशी होणारच आणि कलेवर सरकारचंच राहणार. चौकशी सुरू झाली म्हणजे "जीव वाचवणाऱ्यावरच गुन्हा" असा मथळा देऊ नका. त्या मथळ्यामुळे पुढच्या वेळी लोक कळवत नाहीत, पुरतात.

आमच्या बाजूचा दोष सांगितला नाही तर उत्तर अपुरं राहील. पहिल्या दिवशी आमचे लोक बोलत नाहीत. खालचा म्हणतो वरच्यांना विचारा, वरचे म्हणतात चौकशी चालू आहे. तुमची पानं रात्री निघायची असतात, मग तुम्ही चहाच्या टपरीवर विचारता. टपरीवर टोळीच असते. काही साहेब स्वतःच "मोठं रॅकेट" म्हणून सांगतात, कारण टोळी म्हटलं की बीटवर माणसं कमी का होती हे कुणी विचारत नाही. नखं कापलेल्या त्या वाघाच्या दिवशी मी दुपारी नुसतं एवढं सांगितलं असतं की पायावर करपल्याची खूण आहे, विजेची शक्यता तपासतोय, तर ते छापून आलं असतं. मी तोंड बंद ठेवलं. ते चुकलं माझं.

तर पुढच्या वेळी असा फोन आला की काय करायचं? जागेवर गेलात तर वनरक्षकाच्या मागे, त्याच्याच पावलांवर पाय ठेवून चाला, आणि दोरी बांधली असेल तिच्या आत जाऊ नका. ठसे सकाळी अकरापर्यंत टिकतात, नंतर ऊन आणि माणसं ते पुसतात. कलेवराच्या आधी आजूबाजूचं रान बघा: पीक कुठलं उभं आहे, वाट कुठून येते, विजेचा खांब किती लांब आहे, पाणवठा कुठे. काय सापडलं आणि किती उंचीवर, हे विचारा. आदल्या रात्री फीडर ट्रिप झाला का, ते महावितरणच्या माणसाला विचारा. तो बहुधा सांगतो. कुठले अवयव गायब आहेत यापेक्षा कुठले शाबूत आहेत ते लिहून घ्या. वनगुन्ह्यात एफआयआर नसतो, पीओआर असतो. त्याचा क्रमांक आणि कलमं मागा. 'कबुली दिली' असं कुणी सांगितलं तर ती कुणासमोर दिली ते विचारा, कारण वन्यजीव कायद्यात सहायक वनसंरक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यानं आरोपीसमक्ष नोंदवलेला जबाबच पुराव्यात येतो.

आणि त्या शेताच्या मालकाशी बोला, तो आरोपी ठरण्याआधी. गेल्या हंगामात त्याचं किती पीक गेलं, अर्ज केला होता का, पैसे कधी आले. कागद त्याच्याकडे असतात, बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचलेले. मागितले की तो काढून दाखवतो.